आधी भांडं उलटं करा

जुन्या चांदीचा नाद लागलेलं माणूस ओळखणं सोपं आहे. कुणाच्या घरी चहाला गेलं की साखर ढवळायच्या आधी ते चमचा उलटा करून बघतं. मी पण आता त्यातलीच झालेय, नवरा टेबलाखालून पाय मारतो तेव्हा लक्षात येतं की परत केलं आपण. पण करणार काय, पुढची नक्षी सगळ्यांनाच दिसते, आवडते किंवा नाही आवडत, तिथे विषय संपतो. मागच्या बाजूला जे बारीक बारीक ठसे मारलेले असतात तिथून खरी मजा सुरू होते.

हे सगळं मुख्यतः ब्रिटिश चांदीबद्दल. नोकरीमुळे बर्मिंगहॅमला येऊन राहिले आणि इथे वीकेंडला करायचं काय तर अँटिक फेअर, चॅरिटी शॉप, नाहीतर कार बूट सेल, म्हणजे लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनंपानं विकत बसतात तो बाजार. पुण्यातल्या जुन्या बाजारात बाबांबरोबर फिरायची सवय होतीच, त्यामुळे फार जड गेलं नाही, फक्त इथे पावसात फिरावं लागतं.

तर माझ्याकडचा एक चमचा घ्या. टेबलस्पून आहे, आपल्या आमटीच्या डावापेक्षा थोडा लहान, अगदी साधा, नक्षी नाही काही नाही. मागे दांड्यावर पाच ठसे. एक पंजा उचलून चाललेला सिंह, म्हणजे चांदी स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध. मुकुट घातलेला बिबट्याचा चेहरा, म्हणजे लंडनला तपासलेली. (बिबट्या म्हणतात खरं, पण भिंगातून बघितलं तर तोही सिंहच आहे.) मोठ्या लिपीतलं ‘सी’ हे इंग्रजी अक्षर, म्हणजे साल १७९८. राजाचं डोकं, म्हणजे कर भरलेला. आणि चौकटीत वर ‘पी बी’ खाली ‘ए बी’, म्हणजे पीटर आणि ॲन बेटमन. दीर आणि भावजय, दोघं मिळून लंडनमध्ये चांदीचा कारखाना चालवत होते. १७९८ साली पुण्यात नाना फडणवीस हयात होते, दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आलेला, आणि त्याच वर्षी हा चमचा लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनारांच्या संघाच्या तपासणी कचेरीत, कुणीतरी तपासून ठोकून पुढे सरकवला. आपल्याकडे त्या काळातल्या एखाद्या वस्तूचं साल ठरवायला तीन तज्ज्ञ लागतात आणि चौथा येऊन ते खोडून काढतो, आणि इथे ट्रेमधल्या मिसळ ढिगातला, कुणाचंच लक्ष नसलेला चमचा स्वतःचा जन्मदाखला पाठीवर घेऊन फिरतोय. मला तर पहिल्यांदा हे कळलं तेव्हा हेवाच वाटला होता, खरं सांगायचं तर.

पण मग हे सगळं का सुरू झालं ते वाचायला लागले आणि हेवा जरा निवळला, कारण या ठशांच्या मागे कलेचं कौतुक वगैरे काही नाहीये. मागे आहे तो संशय. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला की स्टर्लिंगपेक्षा हलकी चांदी विकायची नाही आणि तपासून बिबट्याचा ठसा मारल्याशिवाय माल कारागिराच्या हातून बाहेर जायचा नाही. तेवढ्याने भागलं नाही म्हणून १३६३ मध्ये प्रत्येक सोनाराला स्वतःचा ठसा सक्तीचा केला, म्हणजे भेसळ सापडली तर कुणाची मानगूट पकडायची ते कळावं. मग प्रश्न आला की सोनाराला तपासणारा जो माणूस आहे त्याला कोण तपासणार? त्यावर १४७८ पासून दरवर्षी बदलणारं अक्षर आलं. आज आपण त्या अक्षरावरून साल काढतो आणि खूश होतो, पण ते काही आपल्यासाठी नव्हतं, हलका माल पास झाला तर त्या वर्षी हॉलमध्ये तपासायला कोण बसलं होतं हे शोधायला होतं. सिंह १५४४ साली आला, आठव्या हेन्रीने नाण्यांतली चांदी कमी कमी करत आणली होती त्या काळात. राजाच नाणं हलकं करतोय म्हटल्यावर भांड्याच्या चांदीची वेगळी हमी लागणारच की.

तपासायची पद्धत पण ऐकण्यासारखी आहे. वस्तूच्या वेगवेगळ्या भागांवरून चांदी खरवडून घ्यायची, हो, वेगळे भाग जोडलेले असतील तर प्रत्येक तुकड्यावरून, कारण झाकण शुद्ध आणि दांडा हलका असं करणारे महाभाग तेव्हाही होते. तो कीस तोलायचा, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या छोट्या मुशीत घालून भट्टीत ठेवायचा. शिसं वितळताना तांबं-बिंबं सगळी खोट स्वतःबरोबर घेऊन मुशीत जिरतं आणि वर उरते ती नुसती चांदी. परत तोलायची. वजनातला फरक म्हणजे खोट. कमी भरली तर वस्तू तिथेच ठेचून परत द्यायची, महिनाभर खपून केलेली असो नाहीतर दोन दिवसांत. आता एक्स-रेच्या मशीनवर होतं हे काम, पण मला ती मूस जास्त आवडते.

राजाच्या डोक्याचा ठसा तर शुद्ध वसुली आहे. अमेरिकेतलं युद्ध हरल्यावर तिजोरी रिकामी झाली म्हणून १७८४ मध्ये चांदीच्या वस्तूंवर दर औंसाला सहा पेन्स कर बसवला आणि कर भरला याची खूण म्हणून तिसऱ्या जॉर्जचं मुंडकं. जकातनाक्यावरची पावती मालावरच ठोकून दिल्यासारखं. हे १८९० पर्यंत चाललं, त्यामुळे आपल्यासारख्या शोधणाऱ्यांना एक सोपी किल्ली मिळते, डोकं असेल तर वस्तू बहुतेक १७८४ ते १८९० मधली. जॉर्ज उजवीकडे बघतो (अगदी पहिली दीड-दोन वर्षं सोडून), व्हिक्टोरिया डावीकडे.

साल काढायचं म्हणजे नुसतं अक्षर बघून चालत नाही, हे मात्र सांगायला हवं. लंडनची बाराखडी वीस अक्षरांची, ‘जे’ गाळायचं आणि ‘यू’ला थांबायचं, मग पुढच्या वीस वर्षांना नवा फाँट आणि ठशाभोवतीच्या ढालीचा आकार नवा. म्हणजे ‘सी’ सापडला तर तो कुठल्या चक्रातला हे अक्षराच्या वळणावरून आणि ढालीच्या कडांवरून ठरतं, आणि नेमक्या त्या कडाच झिजलेल्या असतात. शेफील्डवाल्यांनी तर पहिली पन्नास वर्षं अक्षरं क्रमाने लावलीच नाहीत, १७७३ साली सुरुवातच ‘ई’ पासून, पुढे मनाला येईल ते. शिवाय लंडनचं अक्षर जानेवारीत बदलायचं नाही, मे महिन्याच्या शेवटी बदलायचं, म्हणून माझा चमचा खरं म्हणजे १७९८-९९ चा. बारीकसारीक खुणा मदत करतात मग. १८२१ च्या आसपास बिबट्याचा मुकुट गेला आणि सिंह, जो तोपर्यंत आपल्याकडे वळून बघत होता, तो सरळ समोर बघायला लागला. चमच्यांवर साधारण १७८० पर्यंत ठसे वाटीच्या जवळ, दांड्याच्या निमुळत्या भागात मारायचे आणि तिथे ते ठोकून ठोकून चेपायचे, नंतर वर रुंद टोकाकडे गेले. त्यामुळे अनुभवी डीलर चमचा हातात घेतानाच अर्धं साल सांगतो. इथल्या एका म्हाताऱ्या डीलरने मला भिंग कसं धरायचं ते शिकवलं, वस्तू डोळ्याजवळ आणायची नाही, भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू त्याच्याकडे आणायची, आणि प्रकाश वरून नको, बाजूने, म्हणजे झिजलेल्या ठशाच्या सावल्या उभ्या राहतात. फोनचा टॉर्च आडवा धरला तरी काम होतं.

त्याच माणसाने दाखवलेली दुसरी गोष्ट म्हणजे हाऽऽ करून ठशांवर तोंडाची वाफ सोडायची. त्याने एका चहाच्या किटलीच्या बुडावर सोडली आणि ठशांभोवती गोल रेघ उमटली आणि लगेच पुसली गेली. झाळकामाची रेघ होती ती. म्हणजे ठसे दुसऱ्याच कुठल्यातरी छोट्या वस्तूवर मारून घेतले होते, तो गोल तुकडा कापून किटलीच्या बुडात बसवला होता. १७२० ते १७५८ या काळातही चांदीवर औंसाला सहा पेन्स कर होता, आणि तो वाचवायला हा धंदा सर्रास चालायचा, हलकी वस्तू पाठवायची, तिच्यापुरता कर भरायचा आणि ठसे जड वस्तूला लावायचे. पॉल द लामेरी म्हणजे त्या काळचा लंडनमधला सगळ्यात नावाजलेला कारागीर, त्याच्याही कामात ही चलाखी सापडते. चांदी मात्र त्याची खरी होती, फसवला तो सरकारला, गिऱ्हाइकाला नाही, असं इथले लोक त्याची बाजू घेऊन सांगतात आणि मला ते एकदम ओळखीचं वाटतं!

खोटा ठसा बनवणाऱ्याला मात्र अठराव्या शतकात काही वर्षं थेट फाशी होती. १७७३ साली ती रद्द करून चौदा वर्षांची सागरपार हद्दपारी केली, केवढी ती दया. आजही एखाद्या जुन्या टँकरडला मागाहून तोटी जोडून जग केलेला असेल (व्हिक्टोरियन लोकांना ही फार हौस, आजोबांचा बिअरचा मग मोडवत नाही आणि बिअर तर प्यायची नाही) आणि त्या तोटीवर वेगळे ठसे नसतील तर ती वस्तू इथे विकणं बेकायदा आहे. संशयित मालाचा निवाडा करायला गोल्डस्मिथ्स कंपनीची १९३९ पासूनची एक खास समितीच आहे.

आता बर्मिंगहॅमबद्दल, कारण शेवटी मी इथे भाडं भरते. १७७३ च्या आधी इथल्या कारखानदारांना चांदी तपासायला चेस्टर किंवा लंडनला पाठवायला लागायची. खडखडाट करत जाणाऱ्या घोडागाड्या, आठवडे मोडायचे, वर परत येताना माल चेपून यायचा. मॅथ्यू बोल्टन म्हणून इथला मोठा कारखानदार, तोच जो पुढे जेम्स वॉटचा वाफेच्या इंजिनातला भागीदार झाला, त्याने पार्लमेंटमध्ये खटपट करून इथे आणि शेफील्डला तपासणी कचेरी मंजूर करून आणली. लंडनच्या सोनारांनी भरपूर आडकाठी केली होती. बर्मिंगहॅमचा ठसा नांगर, जहाजाचा. इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांब, तरी नांगर का, तर मंजुरीसाठी लंडनला जमलेली मंडळी ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत बसायची, मग एकाने मुकुट घेतला आणि एकाने नांगर, अशी दंतकथा इथे सांगतात. शेफील्डने मुकुट दोनशे वर्षं वापरला, १९७५ पासून गुलाब.

नांगराच्या ठशाच्या ज्या वस्तू मला सगळ्यात आवडतात त्या म्हणजे व्हिनेग्रेट. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची चांदीची डबी, आत जाळीदार सोन्याच्या मुलाम्याचं झाकण, त्याखाली सुगंधी व्हिनेगरमध्ये बुडवलेला स्पंज. रस्त्यातल्या गटारांचा वास आला की बायका ती डबी नाकाशी धरायच्या. नथॅनियल मिल्स हा त्यातला राजा, ‘एन एम’ असा त्याचा ठसा, झाकणावर किल्ल्यांची आणि चर्चची उठावाची चित्रं. अशी एक डबी हातात घेतली की आपल्या अत्तरदाणीची आठवण येतेच, फरक एवढाच की अत्तरदाणी समारंभाची आणि ही बिचारी गटाराची.

याच बर्मिंगहॅमने जगाला सगळ्यात मोठा चकवा पण दिला. १८४० साली एल्किंग्टन कंपनीने विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवायचं पेटंट घेतलं आणि मग मध्यमवर्गाच्या घरोघरी ‘चांदी’ आली. त्याच्या मागे चार छोट्या ढालींमध्ये ई, पी, एन, एस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) अशी चार अक्षरं, तीही मुद्दाम जुन्या वळणाची, लांबून बघितलं तर हॉलमार्कच. खाली आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त, निकेल, चांदीचा अंश नाही. माझ्या या नादाची बातमी फॅमिली ग्रुपवर गेल्यापासून मला दर आठवड्याला कुणाचे ना कुणाचे फोटो येतात. ‘अगं हा आमच्या पणजोबांना कलेक्टर साहेबाने दिलेला टी-सेट, बघ शिक्के आहेत, किती येतील?’ आणि मी झूम करते, आणि तीच चार अक्षरं. सांगताना फार वाईट वाटतं. एका मावसकाकांनी तर माझ्याशी बोलणंच कमी केलंय. पण काका, साहेबाने दिलेला टी-सेट साहेबाने दिलेलाच राहतो की, भाव कमी झाला म्हणून प्रसंग थोडाच खोटा होतो.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगते, नाहीतर हे संपणार नाही. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी. जर्मन चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि ८०० सारखा आकडा. रशियन जुन्या चांदीवर ८४, तो त्यांच्या मापातला शुद्धतेचा आकडा आहे, आपल्या हिशोबात ८७५. पोर्तुगीज चांदीवर १८८७ ते १९३७ रानडुकराचं मुंडकं आणि त्यानंतर गरुडाचं, गोव्याच्या जुन्या घरांतून आलेलं काही हाती लागलं तर हे लक्षात ठेवायला बरं.

आता आपल्याकडची चांदी. इथल्या फेअरमध्ये ती बऱ्यापैकी दिसते, साहेब लोकांनी परत येताना ट्रंका भरभरून आणलेली. कच्छचं वेलबुट्टीचं काम, ज्यात जरा निरखलं की पानांच्या आत हरिण, ससा, पक्षी सापडतात. मद्रासचं ‘स्वामी’ काम, म्हणजे चहाच्या किटलीवर उठावाच्या देवदेवता. कलकत्त्याच्या भवानीपूरच्या कारागिरांची खेडेगावाची दृश्यं, माडाची झाडं, बैलगाडी. काश्मीरची शालीवरची नक्षी. आणि पुण्याचं काम पण असतं बरं का, खोल ठोकून उठवलेले देव, दाटीवाटीने, कुठे मोकळी जागा म्हणून नाही. पहिल्यांदा एका स्टॉलवरच्या चिठ्ठीवर ‘पूना’ वाचलं तेव्हा मी उगाच इकडेतिकडे बघितलं, कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण शेजारी एक बाई पोर्सेलीनचं कुत्रं बघत होत्या.

यातल्या फार थोड्या वस्तूंवर ठसे असतात. कलकत्त्यात रॉबर्ट हॅमिल्टनने १८०८ साली काढलेली हॅमिल्टन अँड कंपनी आपल्या मालावर कंपनीचं नाव आणि हत्ती वगैरे मारायची, म्हणजे लांबून ब्रिटिश वाटावं अशी रांग. मद्रासची पी. ऑर अँड सन्स स्वतःचं नाव मारायची. हे युरोपियन दुकानदार. पण एक नाव असं आहे की ज्याच्यासाठी लिलावात हात वर जातात, ते म्हणजे भुजचे उमरसी मावजी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, कच्छच्या दरबाराचे सोनार. ठसा ‘ओ एम’ आणि ‘भुज’, इंग्रजीत. नुसती ती दोन अक्षरं असली की त्याच आकाराच्या, तशाच कामाच्या बिनठशाच्या डबीच्या कितीतरी पट किंमत. मी शेजारी शेजारी ठेवलेल्या अशा दोन डब्या बघितल्यात, बिनठशाचीचं काम मला जास्त आवडलं होतं, आणि ती केली कुणी हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात सक्तीची तपासणी कचेरी नव्हतीच. उलट ब्रिटनमध्ये बाहेरून येणारी चांदी तपासायला लागायची, आणि त्या खरवडाखरवडीत नाजूक कामाची वाट लागायची, म्हणून १८८४ च्या कायद्यात हाताने ठोकलेल्या, तारकामाच्या ‘पौर्वात्य धर्तीच्या’ वस्तूंना सूट दिली गेली. आजही ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू हॉलमार्कशिवाय इथे चांदी म्हणून विकता येत नाही, पण १९५० च्या आधीची असेल आणि कस पुरेसा असेल तर चालते. त्या फटीतून आपली सगळी बिननावाची चांदी इथे विकली जाते.

हे सगळं डोक्यात असताना पुण्याला गेले आणि आईच्या कपाटातली चांदी काढायला लावली. फुलपात्रं, ताम्हन, पळी-पंचपात्र, दोन निरांजनं, एक मोठं तबक. सगळी उलटी करून बघितली. कारागिराचा ठसा एकावरही नाही. पण अक्षरं होती की, भरपूर होती! तबकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘चि. सौ. कां.’ करून आजीचं नाव, ‘विवाहप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट, शके १८५७’, आणि एका कडेला वजन, ‘तो. ६२’. फुलपात्रावर आत्याचं माहेरचं नाव. ताम्हनावर नुसती आडनावाची आद्याक्षरं. म्हणजे आमच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, नातं, निमित्त, साल, वजन सगळं आहे, घडवणाराच तेवढा नाही. इंग्रजांच्या चमच्यावर बरोबर उलट, कारखानदार आहे, तपासणारा आहे, राजा आहे, पण तो चमचा लग्नात कुणी कुणाला दिला याचा पत्ता नाही, फार तर एखादा मोनोग्राम, तोही पुढच्या मालकाने घासून टाकलेला.

आणि कारखानदार म्हणतेय ते मुद्दाम. ‘पी बी, ए बी’ असलेला माझा चमचा काही ॲन बेटमनने स्वतः बसून ठोकलेला नसणार. तिची सासू हेस्टर बेटमन, नवरा वारल्यावर १७६१ साली तिने स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला, ‘एच बी’, वळणदार लिपीत, आणि पन्नाशी उलटल्यावर कारखाना असा वाढवला की आज तिच्या नावाला वेगळा भाव आहे. पण तिच्या ठशाखाली कितीतरी हात राबत होते. इतर कारागिरांकडून आलेल्या मालावर आपला ठसा मारायची पद्धत पण होतीच. कायद्याला हवा होता जबाबदार माणूस, कलाकार नाही. त्यामुळे इथल्या डीलरांनी ‘हिच्या हातचं काम’ म्हटलं की मी आता नुसती मान हलवते.

मग आपल्याकडे संशय नव्हता का? असं कुणी म्हणालं तर त्याला पेशवाईतला रुपया दाखवावा. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाळी सिक्का, गावोगावच्या टांकसाळी, प्रत्येकाचा कस वेगळा आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सराफ लोक नाणं खरं की खोटं ते बघायला त्यावर आपापला बारीक ठसा मारायचे, काही रुपये तर इतक्या हातांतून गेलेत की मूळ छापच दिसत नाही. आपला सगळा संशय नाण्यावर खर्च झाला. भांडं मात्र घरच्या सोनाराकडून, घरच्या नाण्यांतून. १८३५ पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया आला, १८० ग्रेन वजन, बारातले अकरा भाग चांदी, आणि पुढे १९४० मध्ये ती निम्म्यावर आणेपर्यंत माणसं राणीछाप रुपये मोजून सोनारापुढे ठेवायची आणि तेवढ्या वजनाचं भांडं घेऊन जायची. कस काय ते माहितीच होता, टांकसाळीने आधीच सांगितलेला. त्यावर वेगळा ठसा कशाला? शिवाय ते भांडं कायमचं आहे असं कुणी धरलेलंच नव्हतं. मुलीचं लग्न निघालं की आजीचा तांब्या मोडून जावयाला ताट. घट वजा, घडणावळ वेगळी, आणि नवीन वस्तूवर नवीन नाव. आमच्या आईच्या त्या तबकात आधीची किती भांडी मिसळलीत कुणास ठाऊक. इंग्लंडमध्येही जुनी चांदी वितळवायचे, भरपूर वितळवायचे, पण वाचली त्याची नोंद राहिली. आपल्याकडे वाचली तीही मुकी, निदान घडवणाऱ्याच्या बाबतीत. वरून आपण ती रांगोळीने आणि विभूतीने घासतो, कोरलेली टिंबंसुद्धा आता बोटांनाच जाणवतात.

हल्ली आपल्याकडेही हॉलमार्क आलाय. चांदीला २००५ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा आहे, पण सक्तीचा नाही. सोन्याला २०२१ पासून सक्तीचा झाला आणि तेव्हापासून दागिन्यावर तीनच गोष्टी, बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर. आधी सराफाची आणि तपासणी केंद्राची खूण पण दागिन्यावरच असायची, आता ती माहिती ॲपमध्ये. सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही हाच नंबर, ऐच्छिक. फसवणूक रोखायला चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण ते ॲप दोनशे वर्षांनी उघडेल का? बेटमन मंडळींची चार अक्षरं वाचायला मला कुणाचा सर्व्हर लागला नाही.

गेल्या खेपेला भाचीचं बारसं होतं. आत्या म्हणून नाव मीच ठेवायचं, तेव्हा वाटी-चमचा पण माझ्याकडून. नेहमीच्या सराफांकडे गेले आणि विचारलं, काका, ही वाटी केली कुणी? ते म्हणाले माल नाशिकचा. मी म्हटलं नाशिकचा हो, पण केली कुणी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की इंग्लंडला राहून हिला काहीतरी झालंय. मग बिचाऱ्यांनी फोन लावला, त्या व्यापाऱ्याने आणखी कुणाला तरी लावला, आणि अर्ध्या तासाने एका कारागिराचं नाव आलं, आणि पाठोपाठ त्याचा निरोप, काही तक्रार आहे का म्हणून. तक्रार नाही, तुमच्या नावाचं अक्षर वाटीवर घालायचंय, चालेल का, असं उलट विचारायला लावलं. तिकडून बराच वेळ काही आलं नाही, मग आलं की घाला, पण आमच्या वडिलांचं पण घाला, शिकवलं त्यांनी. तर दोन अक्षरं आणि साल, बुडाला, मशीनवर कोरून घेतली. हाताने नावं घालणारे आता मिळत नाहीत, दुकानाबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे ते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन. ‘ताई, वाटी फार गोड आहे हो, पण तुमचं नाव घालायचं राहिलंच की! आणि खाली ही कुणाची अक्षरं आलीत? दुकानदाराने चुकून दुसऱ्याची दिली वाटतं, बदलून आणू का?’